सातवीचा बाकबदल

आमच्या शाळेत मुलांना गुणांप्रमाणे बसवतात. हे ऐकून कुणी म्हणेल, त्यात काय एवढं! असं म्हणणाऱ्याला मी एकदा सोमवारी पहिल्या तासाला सातवीच्या वर्गात भिंतीशी उभं करणार आहे, पाठीला दप्तर लावून. चाचणीनंतरचा पहिला सोमवार म्हणजे बाकबदल. सगळी मुलं आपापली बाकं रिकामी करून भिंतीला टेकून उभी राहतात. वर्गशिक्षक नावं वाचतात, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. नाव आलं की जाऊन बसायचं. पहिलं नाव खिडकीजवळच्या पहिल्या बाकावर, मग ओळीने मागे मागे. भिंत हळूहळू मोकळी होत जाते. शेवटी तिथे एकच मूल उरतं. आता त्याचं नाव वाचायची काही गरज नसते, कोण उरलंय ते सगळ्या वर्गाला दिसतंच आहे. तरी वाचतात.

मी या शाळेत चित्रकला शिकवते. माझ्या विषयाचे गुण बेरजेत धरत नाहीत, तसं माझं मतही कुठल्या बैठकीत धरत नाहीत. पण माझा वर्ग सातवीला लागून आहे आणि मधली भिंत म्हणजे लाकडी फळ्यांचा आडोसा, वरून हातभर उघडा. पलीकडे कुणी शिंकलं तरी माझ्या पोरांच्या रेघा हलतात. त्यामुळे मी जे सांगते आहे ते कुणाकडून आलेलं नाही, माझ्या दोन कानांनी ऐकलेलं आहे, आणि स्टुलावर चढून दोन डोळ्यांनी बघितलेलं.

सातवीची वर्गशिक्षिका म्हणजे आत्याबाई. हे नाव तिला तिच्या भाच्याने दिलं. तो पाचवीत आमच्या शाळेत आला आणि पहिल्याच दिवशी भर प्रार्थनेत, सगळी शाळा डोळे मिटून उभी असताना, तिला बघून ‘आत्या!’ असा ओरडला. झालं. त्या दिवसापासून ती मुलांची आत्याबाई, शिपायांची आत्याबाई, आणि रागावले नसतील तेव्हा मुख्याध्यापकांचीही आत्याबाई. बाई बुटकी, चालणं भरभर, आवाज मात्र असा की खडू आणायला सांगितलं तरी आर्जव केल्यासारखा वाटावा. वीस वर्षांत तिला मी कुणावर खेकसताना ऐकलेलं नाही. ते काम तिच्या वाटचं मी करते.

लग्न तिने केलं नाही. भावाकडेच राहते. भाऊ शिवणयंत्रं दुरुस्त करतो, वहिनी कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीवर आहे. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यातली एक खोली अख्खी भाच्याची, कारण त्याला अभ्यास असायचा. पोरगं पाचवीपासून शाळा संपेपर्यंत एकदाही पहिल्या बाकावरून हललं नाही. मग दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कॉलेजात गेला. तिथे सगळीच आपापल्या गावच्या पहिल्या बाकावरून आलेली. पहिल्या परीक्षेत हा मधे कुठेतरी आला. मधे! नापास नाही, शेवटचा नाही, नुसता मधे. पण मधे बसायचं कसं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. दुसऱ्या वर्षी परत आला तो आलाच. आता घरात असतो. घरात म्हणजे त्या खोलीत. त्याला काही झालेलं नाही, असं त्याचे वडील सगळ्यांना सांगतात.

‘सातवीत पहिलं नाव मीच वाचायचे त्याचं,’ आत्याबाई मला एकदा म्हणाली, ‘आणि काय कौतुक वाटायचं गं मला वाचताना!’

म्हणून मी म्हणते, शेवटच्या बाकाची कीव सगळ्यांना येते. पहिल्या बाकावर काय शिजत असतं ते बघायला कुणी जात नाही.

या वर्षीच्या सातवीत पहिल्या बाकावर दातांच्या डॉक्टरांची मुलगी होती. तिला सगळे ‘पहिली’च म्हणायचे. हुशार आहेच, खोटं का बोला. पण तीसपैकी अठ्ठावीस मिळाले की पेपर हातात घेऊन दोन गुण कुठे गेले ते शोधत बसायची, आणि मधल्या सुट्टीत डबासुद्धा उघडायची नाही. आणि दाराशेजारच्या शेवटच्या बाकावर, सातवीत दुसऱ्यांदा बसलेला आणि दोन्ही वर्षं तिथेच, एक मुलगा. त्याला म्हणायचे ‘शेपूट’. मुलं म्हणायची ते सोडा, गणिताचे सर म्हणायचे! ‘ए शेपूट, दार लावून घे.’ तोही बिचारा उठून दार लावायचा. हे मी आडोशाअलीकडून ऐकायचे आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पहिल्या चाचणीनंतर आत्याबाईने वर्गाला एक प्रश्न घातला. चांगलं शिकला, असं कुणाला म्हणायचं? आणि कशावरून? घरी जाऊन एका माणसाला विचारून यायचं होतं, आणि मग वर्गात भांडायचं. भांडायचं हा शब्द तिचाच.

दुसऱ्या दिवशी जो गोंधळ झाला, तो ऐकत मी माझ्या पोरांना फुलदाणी काढायला लावून आडोशाशी उभी होते. एक म्हणाली, आई म्हणते ज्याला नोकरी लागली तो चांगला शिकला. दुसरा म्हणाला, आमचे आजोबा म्हणतात की ज्याला शिकवलेलं दुसऱ्याला शिकवता येतं तो. कुणाचा काका म्हणाला होता, जो कॉपी करून सापडत नाही तो. त्यावर हशा. कुणाच्या ताईने सांगितलं होतं, ज्याला शाळा सुटल्यावरही पुस्तक उघडावंसं वाटतं तो. एका पोरीने, जिला वर्गात ‘वकीलीण’ म्हणतात, सगळ्यांना उभं-आडवं घेतलं. ‘नोकरी गेली तर मग शिकलेलं कमी होतं का? दुसऱ्याला शिकवता येतं पण स्वतःला पेपरात लिहिता येत नाही, त्याचं काय?’ आणि पहिली हळूच म्हणाली, ‘माझे बाबा म्हणाले, हा प्रश्नच काय विचारतेस, पहिला येतो तो.’

‘आणि तुला काय वाटतं?’ आत्याबाईने विचारलं.

‘मला नाही वाटत काही. मी बाबांना विचारलं होतं ना.’

पोरीला बारा वर्षांची होईपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं, तुला काय वाटतं म्हणून!

मग मुलांनीच टूम काढली. मत खरं की खोटं ते बाकावर बसून बघू. दर सोमवारी एकेका मापाने बाकबदल. आत्याबाईने मुख्याध्यापकांना रीतसर विचारलं. ते तेव्हा फोनवर होते. ‘करा करा, गुण कमी पडू देऊ नका म्हणजे झालं,’ म्हणाले आणि हात हलवला. ही त्यांची परवानगी. पुढे त्यांना ती आठवली नाही, हे सांगायला नकोच.

पहिल्या आठवड्याचं माप होतं, स्वतःच्याच मागच्या गुणांपेक्षा कोण किती पुढे गेलं. त्यात शेपूट पहिल्या बाकावर आला. बसला आणि उठला. परत बसला. मग म्हणाला, ‘आत्याबाई, इथे पाय कुठे ठेवायचे? पुढे बाकच नाही.’ सगळा वर्ग हसला, तोही हसला. पहिली मात्र शेवटी गेली, कारण तीसपैकी तीसच्या पुढे जायला जागाच नव्हती. तिचे डोळे भरले. पण थोड्या वेळाने तिचा आवाज आला, चांगला खणखणीत.

‘आत्याबाई, इथून फळ्याची डावी बाजू दिसत नाही! खिडकीचा उजेड पडून नुसती चकाकते. प्रत्येक ओळीची सुरुवातच दिसत नाही!’

आत्याबाई शेवटच्या बाकापर्यंत गेली, पोरीच्या शेजारी बसली आणि फळ्याकडे बघत राहिली. मग तिने शेपटाला विचारलं, ‘तू दोन वर्षांत सांगितलं का नाहीस?’

‘मला वाटलं मलाच दिसत नाही,’ तो म्हणाला.

सांगा आता, मी संतापू नको तर काय करू? मुलाला कमी गुण पडले म्हणून मागे बसवायचं, मागून अर्धा फळा दिसत नाही म्हणून त्याला कमी गुण पडणार, आणि मग गुण कमी म्हणून परत मागे! आणि वर नाव काय, तर शेपूट! आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते उगाच म्हणत नाहीत. आत्याबाईने त्याच दिवशी खिडकीला जाड कागद लावला. कागद माझ्याकडचा, चित्रकलेचा. बेरजेत न धरलेल्या विषयाचा.

पुढच्या सोमवारी माप होतं, दुसऱ्याला कुणी किती समजावलं. त्यानंतर, कुणाच्या प्रश्नाने आत्याबाईला उत्तर शोधायला घरी जावं लागलं. मुलं मापांचीही खोड काढायची. समजावण्याच्या आठवड्यात दोघांनी आधीच ठरवून एकमेकांना तेच तेच समजावलं, तर वकिलिणीने त्यांना उघडं पाडलं आणि आत्याबाईने वर्गावरच सोपवलं की आता या मापाचं काय करायचं. एकच एक माप पुरत नाही, हे कुणी फळ्यावर लिहून दिलं नव्हतं. पोरांना ते बसण्या-उठण्यातून कळत होतं. पहिली आता डबा खायची. मी बघितलंय, कारण ती शेपटाच्या डब्यातलंही खायची.

पण दातांच्या डॉक्टरांचे दात दुखायला लागले. ते शाळेत आले आणि व्हरांड्यातच आत्याबाईला गाठलं.

‘बाई, माझी मुलगी गेल्या सोमवारी चौथ्या बाकावर होती.’

‘हो. तिचे गुण तेवढेच आहेत, डॉक्टर. एकही कमी झालेला नाही.’

‘गुणांचा प्रश्न नाही. बाकाचा आहे.’

‘तेच मी म्हणतेय,’ आत्याबाई तिच्या त्या मऊ आवाजात म्हणाली. ‘प्रश्न बाकाचाच आहे.’

डॉक्टरांना वाटलं आपल्याशी सहमत झाली. समाधानाने परत गेले आणि संध्याकाळी लेक घरी म्हणाली, मला मागून सगळं छान दिसतं. मग त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांना फोन केला.

अध्यक्ष आले. बरोबर आणखी दोघे, मागे मुख्याध्यापक, त्यांच्या मागे पाण्याचा ट्रे घेतलेला शिपाई. आमच्याकडे पाहुण्यांची एक रीत आहे. कुठल्याही वर्गात शिरायचं आणि पहिल्या बाकाला प्रश्न विचारायचा. पहिल्या बाकाने फाडफाड उत्तर द्यायचं. मग पाहुण्यांनी मान डोलवून म्हणायचं, वर्ग उत्तम आहे. वर्षानुवर्षं हे चाललंय. चाळीस मुलांच्या वर्गाची परीक्षा दोन मुलांवर उरकायची, आणि ती दोन मुलंही आपणच निवडून पुढे मांडलेली! दुकानदारसुद्धा पेटीत वरचीच फळं चांगली ठेवतो, पण निदान गिऱ्हाईक हात खाली घालून बघतं. आमच्या पाहुण्यांना तेवढंही सुचत नाही.

त्या आठवड्याचं माप होतं, आपली चूक आपण शोधून कुणी सगळ्यांना समजावून सांगितली. पहिल्या बाकावर शेपूट आणि एक बोलताना अडखळणारी मुलगी. पहिली शेवटच्या बाकावर. तिला अजून स्वतःची चूक सगळ्यांसमोर बोलायचा धीर होत नव्हता.

अध्यक्षांनी शेपटाकडे बोट केलं. ‘बारा माणसं एक भिंत सहा दिवसांत बांधतात. तर नऊ माणसं किती दिवसांत बांधतील?’

शेपूट उभा राहिला. ‘सर, सगळी माणसं सारखंच भरभर काम करतात असं धरायचं ना?’

‘काय?’

‘म्हणजे मी मागच्या वेळी ते न बघता नुसतं भागायला गेलो आणि चुकलो. नऊ माणसांना कमी दिवस लागतील असं आलं माझं. मग मी म्हटलं, माणसं कमी झाली तर दिवस कमी कसे होतील?’

‘मला गोष्ट नको, उत्तर हवंय.’

‘सांगतो सर, थोडा वेळ...’

थोडा वेळ कोण देणार? अध्यक्ष शेजारच्या मुलीकडे वळले. ती ‘आ... आ...’ करत राहिली. बिचारी ‘आठ’ म्हणत होती, मला आडोशाअलीकडे समजलं, पण समोर उभ्या असलेल्यांना समजलं नाही. मागे पहिलीचा हात वर होता. आणखी निदान वीस हात वर होते. मी स्टुलावर चढून आडोशावरून बघत होते, मला तो हातांचा ताटवा दिसत होता. तिघांपैकी एकाचीही नजर दुसऱ्या बाकाच्या मागे गेली नाही. जायचं कारणच काय? पहिल्या बाकाला येत नाही, म्हणजे मागच्यांचं काय विचारता!

‘आठ!’ शेपटाला तेवढ्यात सापडलं. ‘आठ दिवस, सर!’

पण पाहुणे दारातून बाहेर पडले होते. ‘सातवीची पार वाट लागली आहे,’ अध्यक्ष मुख्याध्यापकांना म्हणाले, वर्गाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

दुपारी मुख्याध्यापकांनी आत्याबाईला बोलावलं. मला कुणी बोलावलं नव्हतं, मी गेले. कुणीतरी जायला हवं होतं.

‘मुलांचे गुण एकदा बघा ना सर,’ ती म्हणाली. ‘कुणाचेही कमी झालेले नाहीत. पाहुण्यांनी मागच्या मुलांना विचारलं असतं तर...’

‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं,’ सर म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले. तिला ते नाव मिळाल्यापासून हा विनोद त्यांच्या खिशात पडून असणार.

‘आणि परवानगी तुम्हीच दिली होती,’ मी म्हटलं.

‘तुम्ही चित्रं काढा,’ ते म्हणाले.

हुकूम असा होता. येत्या सोमवारी जुन्या रीतीने बाकबदल. सगळ्या चाचण्यांची बेरीज करून आत्याबाईने स्वतः मोठ्याने नावं वाचायची, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. आत्तापर्यंतचा प्रकार हा नुसता खेळ होता, असं मुलांना सांगायचं. मुख्याध्यापक दारात उभे राहणार. नसेल जमत तर सातवी गणिताच्या सरांकडे.

ती माझ्या वर्गात येऊन रंगांच्या कपाटाशी बसली, आडोशाला लागूनच; पलीकडे सातवी होती.

‘सोड वर्ग,’ मी म्हटलं. ‘तोंडावर फेक त्यांच्या. मी असते तर...’

‘तू असतीस तर फेकला असतास. मग सोमवारी गणिताचे सर वाचतील. शेवटचं नाव ते नाव म्हणून तरी वाचतील का गं?’

मी कपाटाचं दार धाडकन लावलं.

तिच्या घरी भाऊ म्हणाला, वाच आणि मोकळी हो, सगळं जग असंच चालतं. वहिनी म्हणाली, आजारी पड. आणि जेवताना भाचा खोलीतून बाहेर आला. पाणी प्यायला आला होता, पण उभा राहिला.

‘आत्या, वाचायचंच असेल तर भरभर वाच,’ तो म्हणाला. ‘पहिल्या नावानंतर थांबू नकोस. तू थांबायचीस ना, तेव्हा सगळे माझ्याकडे बघायचे.’

एवढं बोलून तो आत गेला. तिने मला हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजातलं आर्जव कुठल्या कुठे गेलं होतं. ‘त्याच्याशीसुद्धा मी तसंच केलं,’ ती म्हणाली. ‘कौतुकाने केलं.’

शनिवारी मुलांना पेपर परत मिळाले. सोमवारी मी माझ्या वर्गाला हवं ते काढा म्हणून सांगितलं आणि सरळ सातवीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. मुख्याध्यापक आधीच हजर होते, हात मागे बांधून. आत्याबाई कागद घेऊन आली. कागद तिने चार घड्या घालून मुठीत धरला होता.

भिंतीशी कुणीच नव्हतं.

चाळीसच्या चाळीस मुलं बसलेली होती. खिडकीजवळ पहिल्या बाकावर पहिली. तिच्या शेजारी नेहमीचा दुसरा. मग तिसरी, चौथा, ओळीने मागे मागे. वकीलीण मधे. अडखळणारी मुलगी शेवटून तिसरी. आणि दाराशेजारी, शेवटच्या बाकाच्या कडेला, शेपूट. आत्याबाईने घडी उघडली, कागदाकडे बघितलं, मुलांकडे बघितलं. एकही जागा चुकलेली नव्हती.

‘आम्ही शनिवारीच बेरीज केली, आत्याबाई,’ वकीलीण उभी राहून म्हणाली. ‘दोनदा तपासली. आता वाचायला नको.’

‘कुणी सांगितलं तुम्हाला?’

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. उत्तर दाराशेजारून आलं. शेपटाला वाटत होतं तो हळू बोलतोय.

‘तुम्हाला माझं नाव शेवटी वाचावं लागलं असतं ना. तुम्हाला नसतं जमलं ते.’

आत्याबाईने कागद परत चार घड्या घालून टेबलाच्या खणात टाकला.

मुख्याध्यापक मात्र खुलले होते. दारातून आत आले, एक नजर सगळ्या ओळींवरून फिरवली आणि शेपटाच्या डोक्यावर हात ठेवला. ‘शाब्बास! आपली जागा कुठली ते ओळखायला शिकलास.’

‘हो सर,’ तो म्हणाला.

‘सर,’ आत्याबाई म्हणाली, आणि तिचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला, ‘हे त्यांनी माझ्यासाठी केलंय. मला त्रास होऊ नये म्हणून, सगळ्यांनी मिळून. हे कुठल्या बेरजेत धरणार तुम्ही?’

‘अहो, मी तेच तर म्हणतोय,’ मुख्याध्यापक घड्याळाकडे बघत म्हणाले. ‘बाकबदलाची दहा मिनिटं वाचली तुमची. घ्या, धडा सुरू करा.’